साडेबारानंतर

पाळणाघराच्या काकूंनी दार उघडलं आणि आम्ही काही बोलायच्या आतच ओठांवर बोट ठेवलं. दुपारचे दोन वाजले होते. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर दहा-बारा मुलं झोपलेली. झोपेतसुद्धा लहान मुलं किती निरनिराळी असतात! एक पालथा, गुडघे पोटाशी घेऊन. एक हातपाय ताणून आडवीतिडवी पसरलेली. एका मुलीचा हात शेजारच्याच्या पोटावर होता आणि त्याच्या श्वासाबरोबर तो वरखाली होत होता. कोपऱ्यात साडीची झोळी बांधलेली, तिच्या दोरीला पायाने झोका देत एक मावशी लसूण सोलत बसलेल्या. खोलीत दूध, तेल आणि ओल्या दुपट्यांचा मिळून एक वास होता. ज्याने कधी तान्हं मूल सांभाळलंय त्याला तो वास कुठेही ओळखू येईल. एकच मुलगा जागा होता. रडत नव्हता, खेळत नव्हता. उशीचा कोपरा चोखत पंख्याकडे बघत होता. काकू त्याच्याजवळून गेल्या की वाकून त्याच्या कपाळावरून हात फिरवत आणि पुढे जात.

नातीसाठी जागा बघायला आलो होतो. लेकीने आणि मी सगळे प्रश्न कुजबुजत विचारले. वेळ काय, जेवण घरून की इथलं, ताप आला तर काय करता, फी किती. कुजबुजताना प्रश्न आपोआप आखूड होतात, आणि विचारायचं ठरवून आलेलं निम्मं विचारण्यासारखं वाटेनासं होतं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. जेवण इथलं: मऊ भात, वरण, एखादी भाजी; चार वाजता दूध आणि शिरा किंवा उपमा. महिन्याला सात हजार. ओट्यावर स्टीलचे छोटे पेले ओळीने पालथे घातलेले होते आणि प्रत्येकावर नेलपॉलिशने एकेक नाव. "शिकवता काय?" हा प्रश्न लेकीने अगदी शेवटी विचारला. काकू जरा थांबल्या. "गाणी म्हणतो. मी गोष्टी सांगते. बाकी काय, पोरं आपापली शिकत्यात," म्हणाल्या आणि दुधाखालचा गॅस बंद करायला आत गेल्या.

त्याच दिवशी सकाळी आम्ही बाणेरमधल्या एका बंगल्यात जाऊन आलो होतो. फाटकाशी रखवालदार, वहीत नाव आणि वेळ. आत कृत्रिम हिरवळ, वाळूचा हौद, भिंतीवर रंगवलेला समुद्र. ज्या तरुण बाईंनी आम्हाला सगळं दाखवलं त्या फार आपुलकीने बोलत होत्या. एका वर्गात अठरा मुलं, दोन शिक्षिका, एक मदतनीस. एक आठवडा पिवळ्या रंगाचा, एक पाण्याचा, एक पोस्टमन, डॉक्टर, माळी यांचा. आधी इंग्रजी अक्षरांचे ध्वनी, मग शब्द, मग वाक्यं. आईबाबांच्या मोबाइलवर रोज फोटो. वर्षाची फी एक लाख चाळीस हजार, दोन हप्त्यांत. गणवेश, सहल, स्नेहसंमेलन यांचे पैसे वेगळे.

एका वर्गाच्या दाराशी मी रेंगाळले. आत एक मुलगा रडत होता, नवा असावा, आणि एक शिक्षिका त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. 'रडू नकोस' असं ती एकदाही म्हणाली नाही. तो हातातली पाण्याची बाटली आपटत होता. ती पडली की उचलून त्याच्याच हातात देत होती. बराच वेळ हे चाललं. माहितीपत्रकात असलं काही छापता येत नाही, पण त्या जागी मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. आणि दुसरी आवडली ती तिथली बेसिनं. माझ्या गुडघ्याहून थोडी वर, इवल्या नळांची. एक मुलगी आली, बाह्या वर केल्या, नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला आणि समोरच्या आरशात स्वतःकडे बघून निघून गेली. तिला कुणी उचलून धरावं लागलं नाही. पाळणाघरात काकू एकेकाला काखेत उचलून मोरीशी नेतात. दोन्ही दृश्यं माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि त्यातलं एक चूक ठरवावं असं मला वाटत नाही.

बंगल्यातली ही शाळा साडेनऊला भरते आणि साडेबाराला सुटते. हे वाक्य मी माहितीपत्रकात वाचलं तेव्हा त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. लेक साडेआठला हिंजवडीला निघते ती सातला परत येते. जावयांचंही तेच. मग साडेबारा ते सात? त्या तरुण बाईंनी सांगितलं, व्हॅनची सोय आहे; बरेच पालक मुलांना जवळच्या पाळणाघरात सोडायला सांगतात. घरी आल्यावर माझ्या डोक्यात ते लख्ख झालं. काकूंच्या सतरंजीवर झोपलेल्या मुलांतल्या दोघांच्या अंगात त्या बंगल्याचे पिवळे टी-शर्ट होते. म्हणजे दोन जागांमधून एक निवडायची असं जे आम्ही आठवडाभर बोलत होतो, ते तसं नव्हतंच. भूक, झोप, शी-शू, संध्याकाळची हुरहुर हे सगळं दोन्ही बाबतीत काकूंच्याच वाट्याला येणार. त्या एक लाख चाळीस हजारांत मुलाच्या दिवसातले सकाळचे तीन तास येतात, जेव्हा मूल झोपून उठलेलं, न्हाऊमाखू घातलेलं आणि खाऊन आलेलं असतं.

माझी लेक १९९० साली जन्मली तेव्हा मी फोर्टातल्या एका सरकारी कार्यालयात होते आणि आम्ही डोंबिवलीला राहत होतो. बाळंतपणाची रजा तीन महिने. ती संपायच्या आधीच चाळीतल्या एका बाईंशी बोलणं झालं. सगळे त्यांना काकी म्हणत. मूळच्या सावंतवाडीकडच्या, यजमान लालबागच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी परत सुरू झाली नाही, तिकडची खोली विकून हे लोक डोंबिवलीला आले आणि काकींनी घरात मुलं सांभाळायला सुरुवात केली. आमच्यासारख्या नोकरदार बायकांच्या घरात नियमित पगार येऊ लागला होता आणि गिरणगावातल्या घरांतला पगार थांबला होता. माझी मुलगी त्या दोन गोष्टींच्या मधोमध, काकींच्या मांडीवर वाढली. महिन्याला दीडशे रुपये. सकाळी पावणेआठच्या फास्टला मी धावत सुटायचे, तेव्हा ती काकींच्या कडेवर असायची. ती रडते आहे की नाही हे मागे वळून बघायचं नाही असं काकींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तू बघलंस तर ती जास्त रडतली," म्हणायच्या.

त्या घरात एकही पुस्तक नव्हतं. भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यावरचे मोठाले आकडे माझ्या मुलीने सगळ्यात आधी ओळखले. उन्हाळ्यात काकी वर्षाची चिंच फोडत बसायच्या आणि पोरांना चिंचोके वेचायला बसवायच्या. दहा-दहांचे ढीग, एका ढिगात कमी पडला तर दुसऱ्यातून घ्यायचा. ती बोलायला लागली ती आमच्या घरची मराठी नव्हतीच. "माका नको," असं ठसक्यात सांगून ताट सारायची. माझ्या सासूबाईंना ते आवडत नसे. मला आवडायचं, कारण त्या दोन शब्दांत ती दिवसभर कुणाच्या सावलीत होती हे मला ऐकू यायचं. दुपारी टीव्ही लागलेला असे, हेही खरं. माशाच्या कालवणाच्या वासाने तिचे फ्रॉक भरलेले असत, हेही खरं. तिथे तिचं काय राहून गेलं याचा हिशोब मला मांडता येत नाही, कारण जे झालं नाही त्याची आठवण नसते.

१२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला तेव्हा आमच्या कार्यालयाच्या काचा थरथरल्या. मग एकामागून एक बातम्या येत गेल्या. फोन लागत नव्हते, आणि लागते तरी काकींच्या घरी फोन नव्हता. कशीबशी गाडी मिळाली, ती थांबत थांबत गेली. डोंबिवलीला उतरले तेव्हा रात्र झाली होती आणि काकींचे यजमान स्टेशनच्या पुलावर उभे होते. संध्याकाळपासून ते येणारी प्रत्येक गाडी बघत होते. "पोर जेवली, निजली," एवढंच म्हणाले. घरी गेले तर मुलगी काकींच्या कुशीत होती आणि माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्या रात्रीची किंमत दीडशे रुपयांत धरलेली नव्हती. ती कशात धरायची असते हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण पाळणाघर म्हटलं की मला आधी तो पूल आठवतो, आणि बंगल्यातलं माहितीपत्रक चाळताना माझी नजर ज्या गोष्टीचा शोध घेत असते ती त्या पुलावर उभी होती.

हे सगळं लेकीला मी कितीदा सांगितलंय. यावेळी सांगितलं तेव्हा ती ऐकून घेऊन म्हणाली, "आई, तेव्हा आजूबाजूची सगळीच मुलं तशी वाढत होती. उद्या हिच्या वर्गातली वीस मुलं सगळं शिकून आलेली असतील आणि ही एकटीच कोरी असेल तर?" तिच्या स्वरात जी भीती होती ती मला परकी वाटली नाही. आपल्या मुलाला देता येण्यासारखं काहीतरी आपण दिलं नाही, ही भीती. ती पैसेवाल्यांना असते आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईलाही असते. तिच्यावर मोठमोठे धंदे उभे राहिले असतील, पण ती धंदेवाल्यांनी निर्माण केलेली नाही. प्रेमातूनच ती येते. म्हणून तिला 'वेडेपणा' म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई केली, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानला, हे चांगलंच झालं. पण पाया महत्त्वाचा आहे हे सगळ्यांना सांगून झाल्यावर तो कुणी आणि कुठे घालायचा, हे आईबापांनी आपापल्या ऐपतीने बघायचं असंच अजून चाललेलं आहे.

बंगल्याच्या पाटीवर मॉन्टेसरी हे नाव होतं. पुण्या-मुंबईत ते इतक्या पाट्यांवर असतं की त्यामागे एक माणूस होतं हेही विसरायला होतं. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये उघडलं, ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. तिथल्या पडक्या चाळी एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दोघं कामाला जात आणि शाळेच्या वयाची न झालेली मुलं दिवसभर मोकळी; जिन्यांत हुंदडत, नव्या रंगवलेल्या भिंती खराब करत. मालकांना भिंती वाचवायच्या होत्या. म्हणून त्याच इमारतीत एक खोली दिली गेली, सांभाळायला एक बाई ठेवली गेली आणि देखरेखीसाठी मॉन्टेसरी बाईंना बोलावलं गेलं. म्हणजे ते पाळणाघरच होतं, कामाला जाणाऱ्या बायकांच्या पोरांचं. मुलांच्या उंचीची टेबलं, मुलांना उचलता येतील अशा खुर्च्या, स्वतःचे हात स्वतः धुण्याची सोय हे सगळं त्या खोलीत आलं. बाणेरच्या बंगल्यातलं गुडघ्याएवढं बेसिन मला जे इतकं भावलं, त्याचं मूळ मजुरांच्या चाळीत आहे. हे वाचलेलं मला ठाऊक होतं. पण त्या पिवळ्या टी-शर्टांच्या आठवणीबरोबर ते पुन्हा मनात आलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होते.

आपल्याकडेही असंच घडलं. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करत होत्या. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार उभं केलं. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी ते उत्तम चाललं होतं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं असतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग, आणि बहुतेक मुलं तर खेड्यांत. १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या, आणि समुद्रकाठचे शंखशिंपले, खडे, बिया, पानं ही त्यांची साधनं झाली. डोंबिवलीतल्या काकींनी ताराबाईंचं नावही ऐकलेलं नसणार. त्यांच्या चिंचोक्यांचे ढीग आठवले की मात्र वाटतं, ताराबाईंनी असाच एखादा ओटा कुठेतरी नीट पाहिला असावा.

हरिजन वस्तीतली मुलं बोर्डीच्या केंद्रात येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांमध्ये काम सुरू झालं, तर गुरं राखणारी पोरं शाळेत कशी येणार? म्हणून गुरं चरतात त्या कुरणावरच शाळा भरली. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण मोठ्या बहिणीच्या कडेवर तान्हं भावंड असायचं आणि ते सोडून ती शाळेत येऊ शकत नव्हती. तान्ह्याला घेणारं कुणी असेल तरच तिच्या हाती पाटी येणार. बालवाडीत आल्या-आल्या मुलांना आंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरून देणं हेही त्या बायांनी केलं. वर्गापूर्वी उरकायची तयारी म्हणून नाही. मुलाच्या शिक्षणाची तीच सुरुवात, असं समजून. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. त्यांची पुस्तकं निघाली, जन्मशताब्द्या झाल्या. पण ज्या दोन गोष्टी त्यांनी एका छपराखाली आणल्या होत्या त्या पुन्हा वेगळ्या झाल्या, वेगवेगळ्या पाट्यांखाली गेल्या, आणि त्यांच्या किमतीही निराळ्या झाल्या.

मुलाला सांभाळणं हे एक काम आणि शिकवणं हे दुसरं काम, हे मला आता पटेनासं झालंय. अडीच-पावणेतीन वर्षांचं मूल भात कालवताना, बाही सापडत नसलेल्या सदऱ्यात हात घालताना, दुसऱ्याचं खेळणं ओढून घेतल्यावर त्याचं रडणं ऐकताना जे शिकतं ते कुठल्या तासिकेत बसवायचं? माझी नात हल्ली चप्पल घालायला पाऊण तास घेते. उलटी घालते, बघते, काढते, पुन्हा उलटीच घालते. कुणी मदतीला गेलं की "मीच!" असा ओरडा. घाईत असलेल्या माणसाला तिथे बसवत नाही, आणि या वयात तिला तेच हवं असतं, घाई नसलेलं माणूस. असं माणूस ठेवायला पैसे लागतात हे मी जाणते. काकूंकडे एका बाईमागे सहा मुलं होती की आठ, हे मी विचारायला हवं आणि पुढच्या खेपेला विचारणार आहे. प्रेम आहे म्हणून संख्या बघायची नाही असं मी कधीच म्हणणार नाही. बाल्कनीला जाळी आहे का, औषधं कुठे ठेवतात, मावशी सुट्टीवर गेल्या तर कोण येतं, हे प्रश्न पाळणाघरालाही तेवढ्याच काटेकोरपणे विचारले पाहिजेत.

बंगल्यातून निघताना ती बाटली उचलून देणारी शिक्षिका मला जिन्यात भेटली. बोलता बोलता कळलं, तिचा स्वतःचा मुलगा दोन वर्षांचा आहे, सासूबाईंजवळ ठेवून येते. पगार बारा हजार. मी मनातल्या मनात गुणाकार केला: तिचा वर्षाचा सगळा पगार म्हणजे तिच्या वर्गातल्या एका मुलाची फी, वर चार हजार. मुलं अठरा. इमारतीचं भाडं असतं, वीज असते, नावाचे पैसे द्यावे लागतात, हे सगळं मला समजतं. तरीही तो गुणाकार डोक्यातून जात नाही. पैसे जास्त मोजले म्हणजे ते त्या जमिनीवर बसणाऱ्या मुलीपर्यंत पोचतील असं आपण धरून चालतो. ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत. काकूंच्या सात हजारांतले बहुतेक तरी काकू आणि त्या लसूण सोलणाऱ्या मावशी यांच्यातच वाटले जातात.

आमच्या सोसायटीच्या मागे वस्तीत एक अंगणवाडी आहे. एक खोली, बाहेर पत्र्याची सावली. सेविका सकाळी वजनकाटा घेऊन घरोघर जाताना दिसतात; एका हातात वही, दुसऱ्या हातात मोबाइल, कारण आता सगळी नोंद ॲपमध्ये करावी लागते. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाड्यांची ही योजना सुरू झाली तेव्हा तिने नाव घेतलं ते ताराबाईंच्या कामातलंच. लसीकरण, पोषण आहार, गरोदर बायकांची विचारपूस आणि वर लहान मुलांचं शिक्षण, एवढं सगळं एका बाईने करायचं आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप पुढच्या वर्षात गेला, तेव्हा मागच्या वस्तीतली ती खोली रोज बंद दिसायची. आम्ही आठवडाभर याद्या केल्या, फोन केले, बंगले पाहिले, पण त्या खोलीचं नाव आमच्या यादीत कुणी घातलं नाही. ती आमच्यासाठी नाही असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरलेलं होतं. एका रांगेत राहणारी मुलं पावणेतीन वर्षांची होताच तीन रस्त्यांनी निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत गेल्यावर भेद शिकतात म्हणावं, तर इथे शाळेत पोचण्याआधीच वाटा वेगळ्या झालेल्या.

परवा मी एकटीच काकूंकडे गेले. संध्याकाळची वेळ होती, मुलं एकेक करून जात होती. बेल वाजली की सगळी दाराकडे धावायची, आणि ज्याचं माणूस आलेलं असेल ते एकटं आणखी पुढे. काकू प्रत्येकाच्या आईला किंवा बापाला दारातच दिवस सांगत होत्या: आज जेवण कमी, आज खूप हसला, आज पाठीवर पुरळ दिसतंय, बघा. कागद नाही, फोटो नाही, पण एकही मूल तसंच गेलं नाही. जरा मोकळीक मिळाली तशी मी त्यांना विचारलं, तुमची स्वतःची नातवंडं कुठे असतात? सून कामाला जाते, त्यामुळे धाकटा नातू इथेच त्यांच्याजवळ असेल असं मी गृहीत धरलं होतं.

"तो इंग्लिश नर्सरीत जातो," काकू म्हणाल्या. "सकाळी तिकडं, दुपारी हितं. हप्ता मीच भरते. ह्यातनंच." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. मी काही बोलले नाही तसं त्यांनीच पुढे विचारलं, "आजी, तुमच्याकडं तवा तेवढं पैसं असतं, तर तुम्ही घातलं नसतं?"

मी खरं ते सांगितलं. घातलं असतं. १९९३ साली डोंबिवलीत तसा बंगला असता आणि तो परवडला असता तर मी मुलीला सकाळी तिकडे पाठवलं असतं, आणि काकींना सोडलंही नसतं. काकू हसल्या. "मंग झालं की," म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने बोलणं तिथे संपलं होतं. मला मात्र संपल्यासारखं वाटेना. त्यांचा जो हात मुलांच्या कपाळावरून फिरतो त्या हाताची किंमत त्यांना स्वतःलाही त्या बंगल्याहून कमी वाटते का? की त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की आपल्याजवळ जे आहे ते मुलाला मिळणारच, जे नाही ते विकत आणायचं? दुसरं असेल तर माझ्या लेकीच्या आणि काकूंच्या म्हणण्यात काही फरक नाही. आणि पहिलं असेल तर तो दोष काकूंचा नव्हे. इतकी वर्षं आपण सगळे मिळून त्यांना तेच सांगत आलो आहोत.

अर्जाची मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. जावयांचं म्हणणं, दोन्ही करू, ओढाताण झाली तर झाली. गाडीचा विचार वर्षभर पुढे ढकलता येईल. लेकीला मधल्या व्हॅनची धास्ती वाटते: झोपेच्या वेळेला उन्हातून, अनोळखी माणसाबरोबर, रोज. माझं मत त्या दोघांना ठाऊक आहे, हे एक वर्ष काकूंकडेच जाऊ दे, पण काकूंचा प्रश्न आणि माझं उत्तरही मी त्यांना जसंच्या तसं सांगितलंय. बोलता बोलता एक गोष्ट काल निघाली. दोन्ही जागा आम्ही मोठ्यांनीच पाहिल्या आहेत. जिला तिथे राहायचंय तिला अजून कुणी नेलेलं नाही. तेव्हा शनिवारी तिला घेऊन जायचं, दोन्हीकडे तासभर बसायचं, मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय. आधी कुठे जायचं यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.